समक्ष पाहणी केली

फुलेवाडी, कोल्हापूर
गुरुवार, १२ सप्टेंबर

नजीरा,

तुला नोटीस आल्याचं परवा ऑफिसात कानावर आलं. तुझ्या भागातली एकशे त्रेचाळीस नावं मतदार यादीतून कमी झाली आणि प्रत्येक नावापुढे 'समक्ष पाहणी केली, मतदार राहत नाही' असा तुझ्या सहीचा अहवाल आहे. घरोघर न जाता अहवाल दिला म्हणून तुला निलंबित का करू नये, असं त्यात विचारलंय म्हणे.

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज हे लिहायला बसले. पण ऐकून स्वस्थ बसवेना.

आपण दोघींनी एका शाळेत अकरा वर्षं काढली. शाळा सुटली की मतदार यादीचं काम घेऊन त्याच गल्ल्या पालथ्या घातल्या. चिखलात चप्पल तुटली तर ती हातात धरून तू उरलेली चार घरं केली होतीस. न जाता 'गेले' म्हणून लिहिणारी तू नव्हेस. तो अहवाल तू दिलेला नसणार. कुणी दिला, ते मला माहीत नाही.

खुलासा घाईनं लिहू नकोस. आधी मूळ कागदांच्या प्रती माग. सह्या नीट बघ. कुणी घरी येऊन 'एवढ्या कागदावर सही करा, प्रकरण मिटवतो' म्हणालं तर करू नकोस, मग तो कितीही ओळखीचा असू दे.

मला फोन मात्र करू नकोस. हा फोन ऑफिसनं दिलेला आहे, सम्राटच्या माणसांच्या हातातून आलाय. सम्राट तुला आठवत असेल, आपल्या चौथीत खिडकीपाशी बसायचा, पाढे घडाघडा म्हणायचा. आता उदयसिंहदादांची सगळी निवडणूक तोच बघतो. दादा दोनदा आमदार झाले, पण मागच्या खेपेला फक्त सहाशे अकरा मतांनी. या खेपेला सम्राट एकेक घर मोजतोय. माझा त्या खात्याशी संबंध नाही. मी दादांची भाषणं लिहिते, विधानसभेत विचारायचे प्रश्न काढून देते, अधिवेशनाला मुंबई-नागपूर करते. बायकांचे मेळावे असतात. यादीचं काम मी शाळेबरोबरच सोडलं.

उत्तर द्यावंसं वाटलं तर सोबतच्या पत्त्यावर चिमणाबाईंच्या नावानं पाठव. आमच्या शेजारीण आहेत, आणून देतील. हे पत्र रजिस्टर करणार नाही, पावती घरात राहते. अंबाबाईच्या देवळाकडं गर्दी असते, तिथल्या पेटीत टाकीन.

मी व्यासपीठावर बसले होते त्या सभेबद्दल आज काही लिहीत नाही. तुझ्या गल्लीबद्दल दादा जे बोलले त्यावर मी टाळ्या वाजवल्या, आणि तू खाली उभी राहून बघत होतीस. ते मी विसरलेली नाही.

अनुजा

&nbsp;

गुरुवार, १९ सप्टेंबर

नजीरा,

तुझं पत्र पोचलं. चिमणाबाई म्हणाल्या, "मलकापूरकडचं हाय म्हणाला पोस्टमन. मी वाचलो न्हाई बघ." त्यांना अक्षर येत नाही, तरी शपथ घेतल्यासारखं म्हणाल्या.

दोनच ओळी लिहिल्यास. नावं काढा म्हणून आलेल्या प्रत्येक अर्जावर अर्जदार म्हणून माझं नाव आहे, आणि सही माझीच आहे, तू ओळखतेस.

होय, माझीच आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

जुलैत सम्राटनं अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. नमुना सात. एखादं नाव यादीतून काढा म्हणून कुणाही मतदाराला ज्यावर अर्ज करता येतो तो. अर्ज कोरे होते. मी दिवसभर सह्या केल्या. नंतर त्यात कुणाची नावं भरली ते मला कुणी सांगितलं नाही. मेलेली, दुबार झालेली माणसं असतील, असं मी धरून चालले.

काल दुपारी सम्राट घरी आला. आमचे हे, कृष्णात, ड्यूटीवर होते. ते दूध संघात सुपरवायझर आहेत, तुला माहीत आहे. घरात मी आणि सासूबाई. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली. मग घरात हिंडला. घर बघायला आलेल्या पाहुण्यासारखा, सावकाश, हात मागं बांधून. टेबलावर माझी वही आणि पेन उघडं होतं. तुला लिहायला घेतलेलं पत्र वहीच्या खाली होतं, नजीरा. दोन बोटं अंतरावर.

"काय लिवतायसा, बाई?"

गौरीची गाणी उतरवून ठेवतेय म्हटलं, सासूबाईंना येतात तेवढी तरी. तो हसला. एखादं म्हणून दाखवा म्हणाला. मी म्हणाले. दोन कडवी म्हटली, आणि तो शेवटपर्यंत उभ्यानं ऐकत राहिला. मग म्हणाला, नजीराबाईंची सुनावणी नऊ ऑक्टोबरला हाय, तुम्हाला कुणी काही विचारायला आलं तर आधी मला कळवा. जाता जाता सासूबाईंच्या पाया पडला.

तो गेल्यावर मी पत्र फाडलं आणि मोरीत जाळलं. हे पुन्हा लिहिलेलं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाला आज सकाळपासून एक पांढरी गाडी उभी आहे. आत दोघं बसलेत. कदाचित दुसऱ्या कुणासाठी असेल. मी तीनदा गच्चीवर जाऊन बघितलं.

अनुजा

&nbsp;

शुक्रवार, २७ सप्टेंबर

नजीरा,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. मागच्या पत्रातही मी अर्धंच खरं सांगितलं.

शनिवारी मुबशिरा आली होती. तुझ्या गल्लीतली, आपल्या हाताखाली शिकलेली. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर असते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, ते काढायचं विसरून तशीच एसटीनं आली होती. तिघीजणी मिळून खोली केलीय, शनिवारी गावी जाते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. हे सगळं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं आणि मग म्हणाली, "बाई, माझं पयलंच मतदान हाय. यादीत नाव न्हाय म्हणत्यात. तुमची वळख हाय की. तेवढं घालून द्या."

मी बघते म्हणाले. तिनं आणलेला खाऊ सासूबाईंच्या हातात दिला आणि गेली. मी न्हाणीत जाऊन कडी लावली आणि खाली बसले.  

ते अर्ज कोरे नव्हते, नजीरा. नावं मी भरली.

जुलैत सम्राटनं तुझ्या भागाची यादी माझ्यापुढे ठेवली. तिथं दादांना मतं पडत नाहीत, हे त्यानं वेगळं सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, बाई, आपली वाढवणं अवघड, त्यांची कमी करणं सोपं. या गल्लीतलं कोण कुठं असतं हे तुमच्याएवढं कुणाला माहीत न्हाई. आणि खरंच मला माहीत होतं. कोण मुंबईला बेकरीत आहे, कोण माहेरी बाळंतपणाला गेलीय, कोण गडहिंग्लजला नातेवाइकांच्या दुकानात बसतो. एकोणीस वर्षं शिकवलं, पालकसभा घेतल्या, लग्नाला गेले, मयतीला गेले. ती सगळी माहिती मी त्या यादीवर पेन्सिलीनं उतरवली.

मुबशिरानं मला एप्रिलात फोन केला होता. बाई, मला कागलला नोकरी लागली, आधी तुम्हाला सांगतोय. मी अभिनंदन केलं. आणि जुलैत तिच्या नावापुढे 'कायमचे स्थलांतर' लिहिलं.

तुला वाटेल तेव्हा हात कसा धजला. खरं सांगते, त्या दिवशी मला काहीच अवघड वाटलं नाही. उलट मी हुशार आहे असं वाटत होतं. आठ-दहा तरुण पोरं संगणकापुढं बसलेली, आणि मी नुसत्या आठवणीवर घर न घर सांगत होते. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. दादा पहिल्यांदा शाळेत झेंडावंदनाला आले, मी सूत्रसंचालन केलं, आणि ते 'तुमच्यासारखी माणसं राजकारणात पायजेत' म्हणाले, त्या दिवशीही असंच वाटलं होतं. त्या एका वाक्यावर मी एकोणीस वर्षांची नोकरी सोडली.

दोन नावं मी ठेवली. तुझं आणि करीमभाईंचं. मला वाटलं, तुझ्यावर उपकार करतेय.

आणि आता मुबशिरा सांगते, गल्लीत तुझ्याशी कुणी बोलत नाही. अख्ख्या गल्लीची नावं गेली आणि यादी करणाऱ्या बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं तेवढं राहिलं, म्हणजे बाईनं दादांशी संधान बांधलं, असं लोक म्हणतात. करीमभाईंच्या दुकानात कपडे शिवायला टाकलेले लोक परत नेतायत. पाण्याच्या नळावर तू गेलीस की बायका घागरी उचलून बाजूला होतात.

हे ऐकलं तेव्हा मला नऊ तारखेला येऊन खरं सांगायची भीती वाटेनाशी झाली, असं लिहायला हवं होतं. तसं काही झालं नाही. भीती वाढली. आता ती दोन बाजूंनी आहे.

अनुजा

&nbsp;

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

नजीरा,

तुझ्याकडून काही आलं नाही. येऊ नये. पण मला एक अजून सांगायचंय आणि नऊ तारखेच्या आत सांगायला हवं. गेले आठ दिवस रोज बसते आणि कागद चुरगाळते.

अर्ज झाले, नावं भरून झाली. तरी बीएलओचा, म्हणजे यादीच्या कामावरच्या शिक्षकाचा, अहवाल लागतोच. बीएलओ घरी जाऊन आली आणि माणूस तिथं राहत नाही असं तिनं लिहून दिलं, की नाव निघतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सम्राटनं छापील अहवालांचा गठ्ठा आणला. सगळं भरलेलं, फक्त सहीची जागा मोकळी.

म्हणाला, "बाई, ही सही तुम्हाला येत्येच की."

मी म्हटलं, काय बोलतोयस. तर तो म्हणाला, चौथीत असताना मी बघितलंय. सकाळी घरचं आवरताना नजीराबाईंना उशीर व्हायचा, मग हेडमास्तर यायच्या आधी तुम्ही हजेरीपटावर त्यांची सही करायचा. मला वाटलं होतं पोरं वाचत होती. हा खिडकीपाशी बसून बघत होता.

मी केल्या. तुझ्या एकशे त्रेचाळीस सह्या. पहिली वळणदार आली, पुढच्या सवयीनं आल्या. तुझा 'न' मी कसा काढायची ते तुला माहीत आहे. कचेरीत ते कागद कुणी घेतले, पुढे कुणी सरकवले, ते मला खरंच माहीत नाही. हे शेवटचं 'माहीत नाही' खरं आहे. तू विश्वास ठेवावास असं काही मी शिल्लक ठेवलेलं नाही, तरी लिहिते.

सोमवारी मी दादांना भेटायला त्यांच्या बंगल्यावर गेले. वाटलं, त्यांना सांगून हे मागे घेता येईल. नावं परत घालायला अजून अवधी आहे. उमेदवारी अर्ज भरायला लागले की यादी बंद होते, त्याच्या आत जे व्हायचं ते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मला काय सांगितलंसा, ते मी ऐकलंच न्हाई." आणि लगेच विचारलं, सासूबाईंचं डायलिसिस वेळेवर चाललंय ना? एका ट्रस्टच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा त्यांचा नंबर लागतो तो दादांच्या चिठ्ठीवर. फार आपुलकीनं विचारलं. पाठीवर हात ठेवावा तसं.

मी घरी येऊन कृष्णातांना सगळं सांगितलं. इतके दिवस त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तू जाऊ नगंस. झालं ते झालं. नजीराबाईंना दुसरी शाळा देतील, न्हाईतर घरी बसवतील. तुला जेलात घालतील. आणि आईचं काय?"  त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जाणार हे त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गडहिंग्लजला भावाला फोन केला, तिथं डायलिसिसची सोय होते का विचारलं, आणि काल सासूबाईंना घेऊन गेले. सासूबाई म्हणजे किती कडक बाई, तुला माहीत आहे. माझ्या नोकरी सोडण्याला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा. गाडीत बसताना माझ्या हातात दाराची किल्ली दिली आणि आतून कडी लावून घे म्हणाल्या. एवढंच.

कृष्णात रागावून गेले असं नाही. घाबरून गेले. मला त्यांचा राग येत नाही. मलाही कुणी गडहिंग्लजला नेलं असतं तर मी गेले असते.

आज देवळाकडं येताना एक मोटरसायकल महाद्वार रोडपर्यंत मागे होती. मी देवळात शिरले आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडले. दर्शन घेतलं नाही, धैर्य झालं नाही.

नऊ तारखेला मी येईन. येईन असं लिहिते, पण माझ्यावर विसंबू नकोस. ही चारही पत्रं बरोबर घेऊन जा. मी आले नाही तर ती पुढं ठेव. अक्षर माझं आहे, कुणीही ताडून बघू दे.

अनुजा

&nbsp;

रविवार, १३ ऑक्टोबर

नजीरा,

नऊ तारखेला जे झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. त्या खोलीच्या आधी आणि नंतर काय झालं ते तुला माहीत नाही. तेवढं लिहिते.

सकाळी कोल्हापूर स्टँडवर मलकापूरच्या गाडीत बसले. खिडकीशी. गाडी सुटता सुटता सम्राट चढला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. गाडी भरलेली होती, कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. बाईंच्या शेजारी जुना विद्यार्थी बसलाय. त्यानं माझी पिशवी उचलून वर ठेवली. त्यात माझा लिहिलेला जबाब होता.

आवाज चढवला नाही. शिकवणीला आल्यासारखा बोलत होता. "मी तुम्हाला भीती घालत न्हाई, बाई. तुम्ही आम्हाला खरं बोलायला शिकवलासा. खरं एवढंच हाय, की अर्जावर सही तुमची, यादीवर पेन्सिल तुमची, आणि नजीराबाईंच्या नावाची सही पण तुमचीच. माझी सही कुठंच न्हाई. तुम्ही तिथं जाऊन जे सांगाल ते तुमच्याच गळ्यात पडणार."

मी खिडकीबाहेर बघत होते. तो म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच जास्त भयंकर होतं. बांबवड्याला तो उतरला. उतरताना पिशवी खाली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

मलकापूरला उतरले तर समोर परतीची गाडी लागलेली. मी त्या गाडीत जाऊन बसले, नजीरा. हे तुला कुणी सांगितलं नसतं, पण मी सांगते. पिशवी पोटाशी धरून बसले. वाटलं, कुणालाच कळणार नाही, सासूबाईंना घेऊन हे परत येतील, पत्रं तुझ्यापाशी आहेतच. कंडक्टर आला आणि कुठं म्हणून विचारलं. माझ्या तोंडून शब्दच निघेना. त्यानं दोनदा विचारलं. मागची बाई म्हणाली, पावणं, त्यांना बरं वाटत नाही वाटतं, उतरू द्या. मी उतरले. धीर करून उतरले असं समजू नकोस. मला 'कोल्हापूर' म्हणता आलं नाही, एवढंच.

तिथून तहसील कचेरीपर्यंत रिक्षानं आले. बाहेर तुझ्या गल्लीतली तीस-चाळीस माणसं उभी होती. मुबशिराही होती, रजा टाकून आलेली. तिनं मला बघून हात केला. तिला वाटलं मी तिचं काम करायला आलेय.

पुढचं तुझ्यासमोर झालं.  सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तुला विचारलं, ही सही तुमची नाही तर कुणाची, आणि मी दारातूनच 'माझी' म्हणाले. इतक्या हळू की त्यांनी पुन्हा विचारलं.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. मैत्रिणीला वाचवायला आलात का, म्हणाले. मग कोरा कागद पुढं सरकवला. यांची सही करून दाखवा.

एकशे त्रेचाळीस वेळा जी सहज आली ती एकदा येईना. हात असा थरथरत होता की पेन कागदावर टेकत नव्हतं. पहिल्यांदा काढली ती कुणा निरक्षर माणसानं काढल्यासारखी आली. साहेबांनी अहवालाशी ताडून बघितलं आणि मान हलवली. दुसरीही जमली नाही. कागद टेबलावरून सरकत होता. मला वाटलं संपलं. आता हे म्हणतील, बाई खोटं बोलतात, मूळ सही नजीराबाईंचीच आहे. मी खरं बोलले तरी तूच बुडणार. एवढी भीती मला सम्राटच्या शेजारी बसूनही वाटली नव्हती.

तेव्हा तू खुर्ची पुढे ओढलीस आणि तळहातानं कागद दाबून धरलास.

माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझा हात त्या कागदावर होता, नखांत मेंदीचा जुना रंग होता, आणि मी त्या हाताशेजारी तुझं नाव लिहिलं. वळण आलं. 'न' आला. साहेबांनी भिंग मागवलं, बराच वेळ बघितलं, आणि मग लिहिणाऱ्याला म्हणाले, यांचा जबाब घ्या.

तू गेल्यावर मला दोन तास बसवलं. जबाबात सम्राटचं नाव घातलं, दादांचंही घातलं. लिहिणारा मधे थांबून साहेबांकडे बघत होता, साहेब लिहा म्हणाले. पुढे त्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी पत्रकारांना सांगितलं, त्या बाईंचा आमच्याशी काही संबंध नाही, मेळाव्याला शेकडो बाया येतात. ऑफिसनं फोन परत नेला. मला त्याचं बरंच वाटलं. दूध संघानं कृष्णातांची बदली चिलिंग सेंटरला केली, पार सीमेवर. ते चिमणाबाईंच्या फोनवर रोज फोन करतात, जेवलीस का विचारतात, बाकी काही विचारत नाहीत. सासूबाईंचं तिकडं सुरू झालंय.

मुबशिरा काल येऊन गेली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. तिला आता सगळं कळलंय. नोटीस रद्द झाल्यापासून तू रोज गल्लीत बसून लोकांचे नव्यानं अर्ज भरून घेतेस, तिचाही घेतलास, एवढं सांगितलं. गल्लीतले लोक स्वतः तुझ्याकडं येतायत म्हणाली. मग विचारलं, "बाई, मी तुम्हाला फोन केलता, तवाच तुमच्या मनात हे हुतं का?" मी नाही म्हणाले. ते खरं आहे. तिला पटलं की नाही कळलं नाही. मला 'बाई' म्हणाली, तेवढं तरी म्हणाली.

पांढरी गाडी आता नसते. त्यामुळे भीती कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. दारावर टकटक झाली की अजून मी आधी स्वयंपाकघरात जाते. काल दूधवाला तीनदा हाक मारून गेला.

तू मला माफ केलंस असं मी धरून चाललेली नाही. कागद हलत होता, तू धरलास. तुझ्या जागी मी असते तर धरला असता का, हे मी चार दिवस स्वतःला विचारतेय आणि उत्तर लिहायला घाबरतेय.

मंगळवारी पोलिसांनी जबाबाला बोलावलंय. चिमणाबाई बरोबर येते म्हणाल्या, मी नको म्हटलं. तिथं कागद धरायला कुणी नसेल. हात थरथरला तर थरथरू दे. तिथली सही माझ्या स्वतःच्या नावाची आहे, ती कशीही आली तरी चालेल.

अनुजा